कुंकवात अडकलेलं घड्याळ

आता पुण्यात ज्याच्या त्याच्या कमरेला घड्याळ लोंबतं. कालपर्यंत ज्याला स्वतःच्या लग्नाची तिथी आठवत नव्हती, तोही डबी उघडून "साडेदहा झाले" म्हणतो, आणि मग उठून कुठे जातो म्हणाल तर कुठेच नाही. तिथेच ओट्यावर बसून राहतो. गोऱ्यांचं राज्य आल्यापासून वेळ सगळ्यांना कळते, वेळेवर मात्र कोणी येत नाही. म्हाताऱ्याने सकाळीच किरकिर सुरू केली असं नातवंडं म्हणतील. म्हणोत. मला आठवतं ते पुणं वेगळं होतं. श्रीमंत शनिवारवाड्यात होते, पहाटे चौघडा झडला की गाव उठायचं, आणि पुढचा सगळा दिवस आमच्या घरी पाण्यावर तरंगत असायचा.

पाण्यावर म्हणजे खरंच पाण्यावर. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, बुधवार पेठेतले जोशी. लग्नामुंजीचा मुहूर्त काढायचा आणि तो नेमका साधून द्यायचा, हा त्यांचा व्यवसाय. त्यासाठी त्यांच्याकडे तांब्याची एक पातळ वाटी होती, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक असलेली. तिला घटिका म्हणायचे. सकाळी सूर्याची कड दिसली की ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत येतं, वाटी हळूहळू भरते आणि बुडते. ती बुडली की एक घटका झाली. लगेच बाहेर काढायची, रिती करून पुन्हा सोडायची, आणि भिंतीवर कुंकवाचा एक ठिपका द्यायचा. अशा साठ घटका झाल्या की दिवस-रात्र मिळून एक दिवस. लग्नघरी अण्णा त्या घंगाळाशेजारी मांडी घालून बसले की नवरदेवाचा बापसुद्धा त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचा. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. आजही वाटतो.

घड्याळ आमच्या घरी आलं ते माझी मुंज झाली त्या सुमारास. एका सरदारांच्या घरी पुष्कळ वर्षांनी पाळणा हलणार होता. अण्णांनी कुंडल्या मांडून मुलगा होईल म्हणून सांगितलं, आणि मुलगा झाला. (मुलगी झाली असती तर काय मिळालं असतं ते अण्णांनी कधी बोलून दाखवलं नाही.) सरदारांनी शालजोडीबरोबर हे विलायती घड्याळ दिलं. रुप्याची डबी, तिच्या आत आणखी एक डबी, एकूण आकार चांगल्या कांद्याएवढा. सोबत रेशमी गोंड्यात बांधलेली इवलीशी किल्ली. पहिले काही दिवस अख्खी आळी ते कानाला लावून बघायला येत होती. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "अगं बाई, आत जीव आहे की हो!" आणि पदर सावरून त्याला नमस्कार करून गेल्या.

अण्णांना त्याचा उपयोग शून्य. त्यांचा दिवस घटकांचा, ह्याचा तासांचा. पण वस्तू मानाची, म्हणून ती देवघराशेजारच्या कोनाड्यात जाऊन बसली. आणि मग आली खंडेनवमी. त्या दिवशी शिपाई तलवारीची पूजा करतो, सुतार करवतीची, तशी आमच्याकडे पंचांगाची, बोरूची आणि घटिकेची व्हायची. आईने घड्याळही त्या पाटावर मांडलं. वरून दोन फुलं वाहिली असती तरी भागलं असतं. पण आई म्हणाली, "बंद डबीची कसली पूजा? देवाचं तोंड नको दिसायला?" तिने डबी उघडली, आतली डबी उघडली, आणि तिला दिसला आतला सोन्याचा मुलामा दिलेला, वेलबुट्टीच्या जाळीचा भाग. तो तिला देवामागच्या प्रभावळीसारखा वाटला. झालं! त्यावर गंध, हळद, कुंकू, अक्षता. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आई नेमाची मोठी पक्की.

किल्ली आधी हरवली की घड्याळ आधी थांबलं, ते आता सांगता येणार नाही. कोणाला त्याचं वाईटही वाटलं नाही. आईचं म्हणणं, देवघरात टकटक नसलेलीच बरी. मी मोठा झालो, दप्तरात कारकून म्हणून लागलो, माझं लग्न झालं, तरी ते कोनाड्यात गपचूप बसून वर्षातून एकदा हळदकुंकू घेत होतं.

ह्याच वर्षांत अण्णांची नजर गेली. एकदम नाही गेली, संध्याकाळचं ऊन जातं तशी गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी पंचांगातली अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. अण्णांनी ते कोणाला सांगितलं नाही. घटिका बुडताना बुड् असा बारीक आवाज होतो, त्यावर ते भागवू लागले. पण लग्नघरात शंभर माणसं बोलत असतात, पोरं रडत असतात, वाजंत्री असते. तिथे तो आवाज कुठून ऐकू येणार? एका लग्नात वाटी बुडून तळाशी बसली होती आणि अण्णा कान देऊन वाट बघत होते. कोणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावला. नंतर आळीतला एक टवाळ मला ऐकू जाईल असं म्हणाला, "आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय." मी त्याचं मुस्काट फोडायला धावलो होतो. लोकांनी धरलं. धरायला नको होतं असं मला अजून वाटतं.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. स्थळ वाईचं, माणसं चांगली. पण व्याही बोलता बोलता म्हणाले, "आमचे जोशी त्यांची घटिका घेऊन येतील. आपल्याला उगाच त्रास नको." अण्णांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "त्रास कसला? मुलगी माझी, मांडव माझा. आपले जोशी येऊ देत, जेवायला पुष्कळ आहे." व्याही हसले, पण त्यांनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. ते गेल्यावर अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "एवढं एक लग्न माझ्या हातून लागू दे रे. मग ती वाटी नदीत सोड." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

तोडगा मला सुचला तो त्यांना जप करताना पाहून. रुद्राक्षाचे मणी त्यांच्या बोटांखालून सरकत होते, आणि एकही चुकत नव्हता. माझ्या मनात आलं, बोटाला मणी लागतो तर काटा का नाही लागणार? कोनाड्यातल्या घड्याळाची काच काढून टाकली, तर काटे कुठे आहेत ते अण्णांना हाताने कळेल. मग बुडणारी वाटी बघायला नको की तिचा आवाज ऐकायला नको. आता एवढंच व्हायला हवं होतं की ते मेलेलं घड्याळ उठून चालायला लागावं.

पुण्यात तेव्हा घड्याळं दुरुस्त करणारा कोण असणार? रविवार पेठेत एक मुसलमान कारागीर होते, बंदुकांचे चाप दुरुस्त करायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. बारीक काम करणारा दुसरा माणूस मला ठाऊक नव्हता. उस्तादांचं काम बारीक आणि थापा जाड. घड्याळ हातात घेण्याआधीच ते म्हणाले, "हैदराबादेस नबाबाचं मनोऱ्याएवढं घड्याळ मी एका हाताने चालू केलं होतं." दुसऱ्या हातात काय होतं ते मी विचारलं नाही. हे गृहस्थ उभ्या जन्मात हडपसरच्या पुढे गेले नव्हते, हे मला मागाहून त्यांच्याच भावाने सांगितलं.

त्यांनी आतली डबी उघडली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो कारकूनसाहेब, हे घड्याळ आहे की कुंकवाचा करंडा?"

मी मान खाली घातली. आत चाकं दिसतच नव्हती. हळद, कुंकू आणि गंध ह्यांचा वर्षानुवर्षं थर बसून त्याची वडी झाली होती. उस्तादांनी चिमट्याने दोन दात्यांच्या मधून एक अक्षत ओढून काढली आणि तळहातावर ठेवली. "तांदूळ! ह्याला जेवायलाही घालत होता काय? मग डाळ कुठाय?" त्यांचं दुकान हसलं, मीही हसलो. दुसरं काय करणार?

त्यानंतर दप्तरातून सुटलो की रोज मी त्यांच्याकडे जाऊन बसे. उस्ताद एकेक चाक सोडवायचे आणि मला द्यायचे. मी ते खडूच्या पुडीने आणि मोराच्या पिसाच्या देठाने साफ करायचा. कुंकू पितळेला असं काही चिकटलं होतं की सांगता सोय नाही. त्यात एक साखळी निघाली, घोड्याच्या शेपटीच्या केसाएवढी, आणि तिला खऱ्या साखळीसारख्या कड्या. ती एका ठिकाणी तुटली होती. ती जोडताना उस्ताद पहिल्यांदाच गप्प बसले. ते दिवस मला फार आवडले होते, खरं सांगतो. बाहेर रविवार पेठेची वर्दळ, आत धातूचा आणि बदामाच्या तेलाचा वास, आणि हाताखाली दर दिवशी थोडं थोडं उजळत जाणारं पितळ. तसं निवांत बसणं पुढे आयुष्यात फारसं नशिबी आलं नाही.

नवी किल्ली घासून तयार झाली आणि उस्तादांनी ती फिरवली. घड्याळ चाललं! मी ओरडलोच. पळत घरी आणलं, अण्णांच्या कानाला लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि त्यांच्या तोंडावर असं हसू आलं की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. पण दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण व्हायच्या आत घड्याळाने संध्याकाळ करून टाकली. पळत सुटलं होतं नुसतं. अण्णा माझ्या हाताला धरून स्वतः उस्तादांकडे आले. उस्ताद कसले हार खातात! म्हणाले, "बुवा, घड्याळ हुशार आहे. पुढचं सांगतंय."

अण्णा म्हणाले, "उस्ताद, पुढचं सांगायला मी आहे. ह्याने आत्ताचं सांगितलं तरी पुष्कळ."

त्या दिवसापासून दोघांची दोस्ती जमली. उस्तादांनी आतली केसासारखी कमान थोडी सैल केली, पुन्हा घट्ट केली, पुन्हा सैल केली. आठवडाभर हेच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं ते मधूनमधून इंग्रजांना शिव्या देत. शेवटी घड्याळ ठिकाणावर आलं. काच काढली. निघताना त्यांनी मला बजावलं, "घरी सांगा, माझा हात लागला म्हणून शुद्ध करायला पाणी शिंपडाल, तर पुन्हा माझ्याकडेच यावं लागेल." आईने ते ऐकून तोंड वाकडं केलं. मग विचार करून डबीवर तुळशीचं वाळलेलं पान ठेवलं आणि म्हणाली, "झालं शुद्ध. एवढं काही अडत नाही माझं."

अण्णांनी घड्याळ असं आपलंसं केलं की बघत राहावं. सूर्योदय झाला की दोन्ही काटे सरळ वर आणायचे. उस्तादांना हे कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, सकाळी उठल्या उठल्या बारा?" अण्णांचं उत्तर तयार होतं. "दिवस सूर्योदयाला सुरू होतो. गोऱ्यांचा मध्यरात्री होत असेल. त्यांना झोप येत नाही त्याला मी काय करू?" अडीच घटका म्हणजे एक तास, हा हिशेब त्यांना तोंडपाठ झाला. दुधावरची साय बाजूला सारावी इतक्या हलक्या बोटाने ते काटे चाचपायचे आणि "सव्वासहा घटका झाल्या" म्हणायचे. बहिणीचा मुहूर्त दहाव्या घटकेचा होता. म्हणजे लहान काटा चाराच्या जागी आणि मोठा सरळ वर. अण्णा दिवसातून दहा वेळा ती जागा बोटाने शोधायचे. मुलगी सासरी जाणार म्हणून घरात सगळ्यांचे डोळे भरलेले, आणि हे आपले काटे चाचपत गालातल्या गालात हसतायत.

लग्नाला थोडे दिवस उरले तेव्हा ते म्हणाले, "विलायती वस्तूवर एकदम विश्वास नको. माझ्या घटिकेशी ताडून घेऊ." एक अख्खा दिवस ठरला. सूर्योदयाला मी शेजारच्या देवळाच्या नगारखान्यावर चढून हाक दिली. अण्णांनी काटे वर लावले आणि माझ्या बायकोने घटिका पाण्यावर सोडली. सून सासऱ्यासमोर बसत नाही, म्हणून ती माजघराच्या दाराआड घंगाळ घेऊन बसली होती. वाटी बुडली की तिने काढायची, पुन्हा सोडायची आणि भिंतीवर कुंकवाचा ठिपका द्यायचा. त्या दिवसाचं दिनमान पंचांगात बत्तीस घटका होतं. म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत वाटी बत्तीस वेळा बुडायला हवी, आणि घड्याळाने एक फेरी पुरी करून एकाच्या थोडं अलीकडे यायला हवं.

सूर्य मावळला. मी वरून हाक दिली आणि खाली आलो. अण्णांनी बोट लावलं, हिशेब केला. "एकतीस होऊन वर जवळजवळ एक. बत्तीसच म्हण. शाबास रे उस्ताद!" मग दाराकडे तोंड करून विचारलं, "सूनबाई, ठिपके किती?"

मी आत डोकावलो. ती भिंतीसमोर उभी होती आणि बोटाने ठिपके मोजत होती. मोजून झाले तरी ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. मग हळूच म्हणाली, "तीस."

अण्णा म्हणाले, "दोन चुकले तुझे."

"नाही मामंजी. मी जागची हलले नाही."

मी वाटी उचलून दिव्यापुढे धरली. बुडाच्या भोकाभोवती पांढरी कडक खरपुडी जमली होती. आमच्या हौदाचं पाणीच तसं, पातेल्याला बसते तीच ही खरपुडी. भोक अर्धंमुर्धं बुजलं होतं. पाणी सावकाश आत यायचं, वाटी उशिरा बुडायची, आणि घटका लांबायची. अण्णांना डोळे होते तोवर ते दर पाडव्याला वाटी अशी दिवसभर ताडून बघत. नजर गेल्यापासून ते राहून गेलं होतं. कोणी विचारलं असतं तर आपल्याला दिसत नाही हे सांगावं लागलं असतं, म्हणून त्यांनी कोणाला विचारलंच नाही.

मी जे दिसलं ते सांगितलं. अण्णांनी वाटी हातात घेतली, नखाने ते भोक चाचपलं आणि खाली ठेवली. घड्याळ तर जिंकलं होतं, पण माझ्या वडिलांकडे बघवत नव्हतं. ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. मला आधी कळलं नाही. मग कळलं, ते लग्नं मोजत होते. गेल्या काही वर्षांत त्या वाटीवर लावलेली लग्नं. त्यात आमचंही होतं.

"तुमचा मुहूर्त दुपारचा होता," ते म्हणाले. "एक घटका तरी उशीर झाला. मुहूर्त टळून गेला होता." मग पेरांवरचं बोट थांबवून म्हणाले, "म्हणून तर नसेल?"

म्हणून काय, ते घरात सगळ्यांना समजलं. आमचा पहिला मुलगा त्याच्या पहिल्या दिवाळीनंतर गेला होता. देवी आल्या आणि चार दिवसांत खेळ आटोपला. त्याच्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नसे. मी तर नाहीच. अण्णा दाराच्या दिशेने हात जोडून म्हणाले, "सूनबाई, माझ्या हातून घडलं ग हे. वाईच्या जोशांना निरोप धाडा. मुहूर्त त्यांनीच द्यावा. मी मांडवात बसणार नाही." आणि माझे वडील, ज्यांच्यापुढे व्याही हळू बोलायचे ते, लहान मुलासारखे रडले. आई पदर तोंडाला लावून उभी राहिली. मी नुसता घड्याळ हातात धरून होतो, आणि त्या घटकेला मला ते मुठा नदीत भिरकावून द्यावंसं वाटत होतं.

तेव्हा माझी बायको दाराबाहेर आली. ती कधी त्यांच्यासमोर उभी राहून दोन वाक्यं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "मामंजी, बाळ देवी येऊन गेलं. त्या साली आपल्या आळीत आणखी चार पाळणे रिकामे झाले. त्या चार घरच्या लग्नांचे मुहूर्त काही आपण दिले नव्हते. कासाराकडचं तर पेठेतल्या मोठ्या शास्त्रीबुवांच्या मुहूर्ताचं होतं, तेही गेलं. आपण असं काही मनात आणायचं नाही. वन्संचं लग्न आपणच लावायचं. माझी शपथ आहे."

अण्णांनी मान वर केली. त्यांना ती दिसत नव्हती, तरी ते तिच्याकडे बघत राहिले. "खरं सांगतेस?"

"खरं," ती म्हणाली, आणि वाटी उचलून चिंच लावायला घेऊन गेली.

लग्न झालं. कसं झालं ते सांगायला बसलो तर नातवंडं उठून जातील, इतकं माझ्या डोळ्यांपुढे आहे. मांडवात वाईचे जोशी घंगाळ मांडून बसले होते, शेजारी अण्णा, हातात उपरण्याखाली घड्याळ. व्याह्यांनी एकदा दोघांकडे बघितलं आणि विषय काढला नाही. मंगलाष्टकं चालू झाली. अण्णांचं बोट उपरण्याखाली हलत होतं आणि त्यांच्या कपाळावरचा घाम मला लांबून दिसत होता. एकाएकी त्यांनी हात वर केला. वाईचे जोशी दचकून म्हणाले, "अहो, अजून बुडायचीय."

"बुडेल," अण्णा म्हणाले, आणि खणखणीत आवाजात त्यांनी सावधान म्हटलं.

अंतरपाट दूर झाला, ताशे कडाडले, अक्षता पडल्या. वाईचे जोशी घंगाळात बघत होते. मग त्यांनी मान डोलावली, हात पाण्यात घालून तळाची वाटी काढली आणि अण्णांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "बुवा, मानलं." अण्णा हसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्यानंतर ते बारा वर्षं जगले, पण मुहूर्त द्यायला पुन्हा कुठे गेले नाहीत. मी आयुष्यात त्यांना इतकं सुखात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गेले, मुलगी गेली, घर भकास झालं. मागच्या अंगणात माझी बायको मांडवाच्या आंब्याच्या डहाळ्या काढून एकीकडे रचत होती. मी तिच्याजवळ गेलो. मला तिचे उपकार मानायचे होते, आणि बायकोचे उपकार कसे मानतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "त्या दिवशी तू बोललीस म्हणून अण्णा बसले मांडवात. नाहीतर काही खरं नव्हतं."

तिने हातातली डहाळी खाली ठेवली. "मी खोटं बोलले मामंजींशी."

"काय खोटं?"

"मला तसं वाटत नाही. मला वाटतं, मुहूर्त टळला म्हणूनच गेलं आपलं बाळ. भिंतीवरचे ठिपके मोजले तेव्हाच मला कळलं. मामंजी बोलायच्या आधी. म्हणून मी दुसऱ्यांदा मोजत होते."

मी म्हटलं, "मग शपथ घालून तसं का सांगितलंस?"

"पोर गेलं ते गेलं," ती म्हणाली. "आता काय सासराही घालवू?"

आणि ती रडायला लागली. बाळ गेलं त्या दिवशी ती रडली नव्हती. चार माणसांत सुनेने मोठ्याने रडायचं नाही म्हणून तेव्हा तिने आवाज गिळला होता, आणि मी तिला त्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. आता मात्र हुंदके आवरेनात. भर दिवसा, उघड्या अंगणात नवऱ्याने बायकोशेजारी बसायची आमच्यात रीत नव्हती. मी बसलो. तिचा हात हातात घेतला, आणि आमचं बाळ कसं हसायचं ते आम्ही दोघांनी पहिल्यांदा एकमेकांना सांगितलं.

आई मागच्या दाराशी आली होती. तिने आम्हाला पाहिलं आणि आल्या पावली आत जाऊन दार ओढून घेतलं.